पिण्यास योग्य

४ फेब्रुवारी

क्लोरिन ०.५. गढूळपणा नाही. जंतू नाहीत. पिण्यास योग्य.

सवय, दुसरं काय! बावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी हेच लिहून खाली शिक्का मारते, त्यामुळे घरच्या वहीतही पहिली ओळ तीच पडते. असू दे.

आज मी स्वतःच्या डोळ्यात बोट घातलं. एकदा नाही, निदान तीस वेळा. डोळा माझाच, बोट माझंच, पण दोघांचं जन्मात जमायचं नाही असं वाटत होतं. बोट जवळ आलं की पापणी फटकन बंद. चष्म्याच्या दुकानात लेन्स लावायला शिकवणारी एक मुलगी आहे, तिला मी लेन्सबाई म्हणते. ती शांतपणे म्हणत होती, "काकू, वर बघा. काकू, श्वास घ्या." काकू! माझ्या डोक्यावर एक पांढरा केस आहे म्हणून लगेच काकू.

सव्वा तासाने एकदाची लेन्स बसली. मी आरशात पाहिलं आणि ओरडलेच. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे, जणू कुणी अंगठे दाबून ठेवलेत. वयाच्या सातव्या वर्षापासून चष्मा आहे, म्हणजे हे नाक मी आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.

खारूला पाच मिनिटं लागली. खारू म्हणजे आमची एकुलती एक लेक, वय एकवीस. लहानपणी हाक मारली की कपाटावरून ओ द्यायची, म्हणून हे नाव. आता टॉवर क्रेन चालवायला शिकतेय. चौदा मार्चला परवान्याची परीक्षा आहे. वरच्या केबिनमधून मान घालून खाली बघताना तिचा चष्मा घसरतो, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावताना माझा चष्मा आपटतो. म्हणून दोघींना एकदमच लेन्स.

लेन्सबाईने नियमांचा पाढा म्हटला. हात साबणाने धुवा. मग कोरडे करा, अगदी कोरडे, धागे न सुटणाऱ्या कापडाने. डबीत रोज नवं सोल्युशन, कालच्यात भर घालायची नाही. लेन्स घालून झोपायचं नाही. डोळा लाल झाला की आधी लेन्स काढायची, मग बाकीचं. इथवर ठीक होतं. मग म्हणते, "आणि पाणी लावायचंच नाही. लेन्सला नाही, डबीलाही नाही. नळाचं नाही, उकळलेलंही नाही."

"का?"

"पाण्यात जंतू असतात, काकू."

"कुठल्या पाण्यात?"

"सगळ्याच."

मी थक्क झाले. तिला म्हटलं, "बाळ, तू सकाळी ज्या पाण्याने तोंड धुतलंस ना, त्यावर माझी सही आहे." ती बिचारी गोरीमोरी झाली. म्हणाली, "कागदात तसंच लिहिलंय." खारूने मला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, तू कुठेही भांडू शकतेस." मी भांडले नाही. माहिती दिली.

५ फेब्रुवारी

क्लोरिन ०.५. पिण्यास योग्य.

धक्क्यावर धक्के. आमच्या घरात इतकी धूळ आहे? पंख्याच्या पात्यांवर, दारांच्या चौकटींवर, घड्याळावर. ह्यांच्या कानात केस आहेत. कधी उगवले? लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि माणूस आज दिसला. हे शिंपी आहेत, खालच्या खोलीत दुकान. मी बघतेय म्हणून ते सुईत दोरा ओवता ओवता थांबले. "काय झालं?" म्हणाले. "काही नाही, वय झालं तुमचं," म्हटलं. "चष्मा लाव परत," म्हणाले.

हे कमी बोलतात पण काम करून मोकळे होतात. खारूने नियमांचा कागद दाखवला, तर ह्यांनी धागे न सुटणाऱ्या कापडाचे बारा रुमाल कापून, कडा दुमडून, शिवून ठेवले. हात पुसायला! मी दोन उचलले आणि काचेच्या बरण्या पुसल्या. छान चकचकीत होतात.

७ फेब्रुवारी

क्लोरिन ०.४. पिण्यास योग्य.

आजचा दिवस सोन्याचा. मायक्रोस्कोपला उघडा डोळा लावला. नळीला पापणी टेकली, मध्ये काच नाही, फ्रेम नाही. बावीस वर्षं मी खिडकीच्या गजातून बघत होते म्हणायचं.

गाळणीच्या टाकीतल्या वाळूचा नमुना होता. त्यात एक अमीबा चालला होता. अंगाला बारीक काटेरी टोकं, एक टोक पुढे काढायचं, मग सगळं अंग तिकडे ओतायचं. घाई अशी नाहीच. हे आधीही पाहिलेत, पण इतके स्वच्छ कधी दिसले नव्हते. पंप चालवणारे काका चहा घेऊन आले होते, त्यांनाही दाखवलं. ते दोन पावलं मागे सरले. "बाई, हे आपल्या पाण्यात आहे?"

"टाकीच्या वाळूत आहे. आणि पाण्यात एखादा आला तरी काय? पोटात गेला तरी काही करत नाही. तपासणीच्या तक्त्यात त्याचा रकानासुद्धा नाही. पाहुणा आहे, फिरेल आणि जाईल."

"क्लोरिनने मरत नाही?"

"अंगाभोवती कवच करून बसतो. मोठा लबाड आहे."

काका म्हणाले, तुमचा पाहुणा तुम्हालाच लखलाभ. आम्ही फार हसलो.

९ फेब्रुवारी

क्लोरिन ०.५. पिण्यास योग्य.

सकाळी खारूशी वाजलं. तिची लेन्सची डबी हातात घेतली तर आतून बुळबुळीत. म्हटलं, "ही धुतेस का कधी?" म्हणाली, "सोल्युशनने विसळते, उपडी ठेवते, वाळते." विसळते म्हणे, चार थेंबांनी! मी डबी घेतली, नळाखाली धरली, बोटाने खसाखसा घासली, पुन्हा नळाखाली धरली. कशी लख्ख झाली.

"आई, ती बाई म्हणाली होती पाणी नको."

"ती बाई लेन्स विकते. मी पाणी तपासते. पाणी कुणाला जास्त कळतं?"

"पण कागदावर—"

"कागद सगळ्या जगासाठी छापतात. कुठे विहिरीचं पाणी असेल, कुठे डबक्याचं. आपलं पाणी तसं आहे का? तुझ्या आईने बावीस वर्षं काय गवत उपटलं?"

मग म्हणाली, "बरं." माझ्याही लेन्स मी तशाच साफ करते, आधी नळ, मग सोल्युशन. अंगठ्याखाली स्वच्छ झाल्याचं कळतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात ते खरं, मुलगी ऐकते माझं.

१६ फेब्रुवारी

क्लोरिन ०.५. पिण्यास योग्य.

आज खारूचं काम बघायला गेले. जाऊ नये असं मनात होतं. क्रेनच्या बुडाशी उभी राहिले आणि वर पाहिलं. खारू शिडीने चढली. एक टप्पा, दुसरा, तिसरा. मग एवढासा लाल ठिपका झाला, तिचं हेल्मेट. लेन्समुळे दिसला. चष्मा असता तर दिसला नसता, तेच बरं झालं असतं.

तिला शिकवणारे मास्तर शेजारी उभे होते. म्हणाले, "तुमच्या मुलीची नजर आहे. वरून खाली अंतर मोजायचं म्हणजे दोन्ही डोळ्यांचं काम. काहींना वर्ष लागतं. हिला पहिल्या आठवड्यात आलं." वरून एक भलामोठा लोखंडी हौद आला, सावकाश, आणि खाली ठेवलेल्या चार विटांवर असा टेकला की एकही वीट हलली नाही. मास्तर म्हणाले, "बघा."

मी दोन वर्षं ह्या कामाला नाही म्हणत होते. कारकुनी कर, शिकवण्या कर, जमिनीवरचं काहीतरी कर. आज मात्र परत येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं की ती वरची क्रेन माझी मुलगी चालवते. बाई म्हणाली, "अगंबाई!"

२२ फेब्रुवारी

क्लोरिन ०.४. पिण्यास योग्य.

खारूचा उजवा डोळा लाल. साइटवर वारा होता, सिमेंट उडत होतं. कण गेला असणार. मी तिला मोरीत नेलं, नळ सोडला, ओंजळीतून डोळ्यावर सपासप पाणी मारलं. लेन्सही नळाखाली धरून साफ करून दिली. घालू की नको करत होती. म्हटलं, "घाल, सराव बुडवू नकोस, परीक्षा वीस दिवसांवर आली." घातली आणि गेली.

२४ फेब्रुवारी

क्लोरिन ०.५. पिण्यास योग्य.

डोळा अजून लाल. दुखतो म्हणते. आता लेन्स काढून चष्म्यावर आली आहे. आज कामावर गेली नाही. खोलीचे पडदे ओढून पडून होती. मी पडदा सरकवला तर उशीत तोंड खुपसून किंचाळली. एवढं?

मला वेगळीच शंका येते. परीक्षा जवळ आली, आणि आता भीती वाटायला लागली असेल. माझ्याजवळ बोलायची सोय नाही, कारण मीच दोन वर्षं म्हणत होते की तुला जमायचं नाही. मग डोळ्याचं निमित्त. मला राग नाही आला, उलट वाईट वाटलं. जवळ बसून म्हटलं, "खारू, उंचीची भीती वाटत असेल तर सांग. मी हसणार नाही."

म्हणाली, "आई, मला डोळा काढून फेकावासा वाटतोय."

मुलांच्या बोलण्यात हल्ली अतिशयोक्ती फार.

२५ फेब्रुवारी

क्लोरिन ०.५. पिण्यास योग्य.

हे म्हणाले, मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, "अहो, मी तिच्यासारखंच सगळं करते. तेच पाणी, तेच सोल्युशन, तीच मोरी. माझे डोळे बघा, ठणठणीत." ह्यांनी खरंच माझे डोळे बघितले, बराच वेळ. मग खाली गेले.

तरी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बॅटरी मारली, खारू खुर्चीवरून उठलीच. साथ आहे म्हणाला, थेंब दिले. मीही तेच म्हणत होते.

२८ फेब्रुवारी

क्लोरिन ०.४. पिण्यास योग्य.

वार्षिक तपासणी तोंडावर आली. वरून पाहणीसाठी लोक येणार, बावीस वर्षांचे तक्ते लावून ठेवायचेत. डोक्यावर आकाश कोसळलंय आणि घरी ही अशी. जेवायला टेबलाशी येत नाही, दिवा सहन होत नाही. ह्यांचा काळा चष्मा लावून घरात फिरते. मी म्हटलं, "सिनेमातली नटी." हसली नाही. डोळ्यातून सारखं पाणी गळतं. कुणासाठी रडतेय, असंही मनात आलं. विचारलं नाही.

२ मार्च

आज पहिली ओळ लिहिलेली नाही. लिहिणार नाही.

काल तपासणीचे लोक माझ्या टेबलापाशी उभे असताना फोन आला. हे बोलत होते. दुकान बंद करून, मला न विचारता, तिला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. म्हणाले, "तू ये." ह्यांनी आयुष्यात मला कधी कामावरून बोलावलं नाही. मी हातातला शिक्का तसाच घेऊन निघाले. बसमध्ये बसल्यावर मुठीत दिसला.

डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या. खारूची हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली, आणि समोरच्या पडद्यावर तिचा डोळा ताटाएवढा. त्यात बुबुळावर एक पांढरट कडं. दुधाचा ग्लास ठेवला की टेबलावर उमटतं ना, तसं. मी पाच-सहा वर्षांची असल्यासारखं विचारलं, "पुसता येत नाही का?"

त्या म्हणाल्या, "हा जंतुसंसर्ग आहे. थोडंसं खरवडून तपासायला पाठवलं होतं, आलं. अमीबा आहे. साध्या पाण्यात असतो. पिण्याने काही होत नाही. पण लेन्सखाली अडकला आणि बुबुळावर बारीक ओरखडा असला की आत शिरतो. मग तो कवच करून बसतो, आणि औषधाला दाद देत नाही. लेन्सला पाणी लावत होतीस का?"

शेवटचं वाक्य खारूला होतं.

खारू म्हणाली, "हो. एक-दोनदा नळाखाली धरली. सांगितलं होतं नको म्हणून. माझाच हलगर्जीपणा."

आणि मी गप्प बसले.

हे मला लिहायलाच हवं, म्हणून वही उघडली. मी गप्प बसले. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं कोण जाणे. पण उघडलं नाही हे खरं. ती यंत्रावर हनुवटी टेकवून खोटं बोलली, तिचा तो डोळा पडद्यावर ताटाएवढा, आणि मी शिक्का मुठीत घट्ट धरून उभी.

डोळा राहील का, विचारलं. "राहावा म्हणून प्रयत्न करू," म्हणाल्या. "नजर किती राहील ते आज सांगता येणार नाही. डाग राहतोच. दर तासाला थेंब, दिवसाही आणि रात्रीही. नंतर कमी करू. महिने लागतील." मग म्हणाल्या, "तुमच्याही लेन्स काढा. डोळे दाखवा." माझी हनुवटी त्याच यंत्रावर. माझे डोळे स्वच्छ. अगदी ठणठणीत.

३ मार्च

सकाळी सहाला प्रयोगशाळेत गेले. चष्मा लावून. माझी लेन्सची डबी बरोबर नेली होती, आणि घरच्या मोरीतल्या नळाच्या तोंडातून बोट फिरवून काढलेला बुळबुळीत थर. खारूची डबी दवाखान्यात ठेवून घेतली आहे.

आधी पाणी घेतलं. थेंब टाकले, पिवळा रंग आला, तक्त्याशी लावला. ०.५. जंतू नाहीत. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. आजही शिक्का मारावा लागेल, आणि तो खोटा नसेल. हेच तर मला कळत नव्हतं. मी काही चुकीचं तपासत नव्हते. पाणी प्यायला चांगलं आहे. मी त्याला डोळ्यासाठी कधी तपासलंच नव्हतं, आणि सांगत मात्र होते सगळ्यासाठी.

मग डबीतला थेंब काचपट्टीवर घेतला. चष्मा नळीवर आपटला. काढला, आकार पुसट झाले, परत लावला. मान वाकडी केली. जुन्या सवयीप्रमाणे गजातून बघितल्यासारखं बघितलं.

तीन होते. काटेरी टोकं पुढे काढत, अंग ओतत, कुठलीही घाई नसलेले. नळाच्या थरात चौथा. पाहुणे. मीच त्यांना हे नाव दिलं होतं.

पंपवाले काका दारात उभे होते. काय झालं म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझी नात चष्मा काढून असलंच काहीतरी लावते. मी तिला सांगतो." आणि धावतच फोनकडे गेले. त्यांना मी धावताना प्रथमच पाहिलं.

माझ्या डबीतही होते आणि माझे डोळे चांगले. तिच्या डबीत होते आणि तिच्या डोळ्यात शिरले. साइटवरचा एक कण, एवढाच फरक. आणि त्या कणावर मी ओंजळीने पाणी मारलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवाच मी हातात धरून उभी होते.

४ मार्च

डॉक्टरीण बाईंच्या खोलीबाहेर दीड तास बसले. आत गेल्यावर उभ्या उभ्या सांगितलं, "ती खोटं बोलली. मी सांगितलं होतं. डबी मी धुतली नळाखाली, लेन्स मी धुतली, डोळा लाल झाल्यावर पुन्हा मीच घालायला लावली. ती नको म्हणत होती. मी पाण्याच्या खात्यात आहे."

त्या लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत आहे," म्हणाल्या.

"कसं?"

"तुम्ही पोचायच्या आधीच तिने मला सगळं सांगितलं होतं. औषध ठरवायला मला नेमकं कळायला हवं, म्हणून लपवलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, आईसमोर विचाराल तेव्हा मी वेगळं सांगेन. ती दिवसभर त्याच पाण्यावर सही करते, तिला तिथे परत जायचंय."

मी खुर्चीवर बसले. मला वाटायचं, मुलगी माझं ऐकते म्हणजे तिला माझं पटतं. नळाखाली डबी धरताना प्रत्येक वेळी तिला ते चूक वाटत होतं, आणि माझा मान राहावा म्हणून ती धरत होती. हा धक्का त्या पांढऱ्या कड्यापेक्षा मोठा होता. कडं निदान यंत्रात तरी दिसलं.

डॉक्टरीण बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाहत राहिले. त्या म्हणाल्या, "प्या. पिण्यासाठीच आहे."

प्यायले.

१४ मार्च

आज परीक्षा होती. सकाळी कुणीच तारखेचा विषय काढला नाही. दहाच्या सुमारास मास्तर घरी आले, साइटवरून थेट, बुटांना चिखल. खारूला म्हणाले, "तुझं हेल्मेट खिळ्यावर ठेवलंय. दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही." ती काळ्या चष्म्याआडून म्हणाली, "द्या मास्तर, उगाच धूळ खात पडेल." मास्तर म्हणाले, "खाऊ दे."

ते गेल्यावर मी विचारलं, "खारू, तू माझ्यावर ओरडत का नाहीस?"

"ओरडले की डोळ्यावर ताण येतो," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ओरडेन, आई. बरी झाले की. तारीख काढून ठेव."

मी मोरीत जाऊन रडले, आणि नळ सोडला नाही.

२६ मार्च

थेंब आता दोन तासांनी. रात्रीची पाळी ह्यांची, रजा काढून दिवसाची माझी. हे एका हाताने पापणी धरतात आणि दुसऱ्या हाताने बरोबर एक थेंब. सुईत दोरा ओवणारा हात. खारू म्हणते, बाबांचा थेंब कळत नाही, तुझा थेंब गालावर पडतो.

आज चष्म्याच्या दुकानात गेले. लेन्सबाईने मला ओळखलं आणि काउंटरमागे थोडी सावरून उभी राहिली, मी पुन्हा माहिती देणार म्हणून. मी तिला सांगितलं काय झालं ते. तिने तोंडावर हात धरला. म्हणाली, "काकू, मी जास्त जोर देऊन सांगायला हवं होतं."

म्हणजे तिलाही वाटतं तिचंच चुकलं. माझ्या चुकीला केवढे वारस!

म्हटलं, "तू नीट सांगितलंस. आता ह्यापुढे कुणी विचारलं की कुठल्या पाण्यात, तर माझी गोष्ट सांग. पाणी तपासणारी बाई होती म्हणावं." दारातून परत फिरून म्हटलं, "आणि पाणी चांगलं होतं, हेही सांग. नाहीतर लोकांना वाटेल की घाण पाण्यानेच होतं."

१९ एप्रिल

क्लोरिन ०.५. पिण्यास योग्य. (पिण्यास.)

दाह उतरला. कडं फुटून आता बुबुळाच्या मधोमध एक धुरकट डाग राहिला आहे. आज तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. डाव्या डोळ्याने चष्म्यातून शेवटच्या ओळीपर्यंत धाडधाड. उजव्याने सगळ्यात वरचं मोठं अक्षर, आणि तेही "काहीतरी आहे" एवढंच. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, डोळा वाचला. डाग तसाच राहिला तर वर्षभराने बुबुळ बदलण्याचा विचार करता येईल. क्रेनचं विचारलं, तर म्हणाल्या, "आत्ता विचारू नका."

परत येताना खारू म्हणाली, "मला तुझा पाहुणा बघायचाय."

मी नाही म्हणाले. तिने हट्ट धरला. संध्याकाळची वेळ, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी मायक्रोस्कोपचा दिवा कमीत कमी केला, वाळूचा नमुना लावला, शोधून शोधून एक सापडला. खारूने चष्मा काढला, डावा डोळा नळीला लावला, आणि किती तरी वेळ हललीच नाही. मी शेजारी उभी. ती शिव्या देईल, रडेल, काचपट्टी फोडेल, असं सगळं मनात येऊन गेलं.

"हाच?"

"हाच."

"किती निवांत चाललाय, आई." आणखी थोडा वेळ पाहिलं. "ह्याला माहीतसुद्धा नाही."

मग नळीवरून डोळा न काढता म्हणाली, "आणि तुलाही माहीत नव्हतं."

मी काचपट्टी औषधात टाकली, बेसिनपाशी गेले, साबण लावला, नळ सोडला. बावीस वर्षं ज्याच्यावर सही केली ते पाणी हातांवरून वाहत होतं, स्वच्छ, थंड. हात तसेच ओले घेऊन मी थेंबांची बाटली उचलली. वेळ झाली होती.

"आई," खारू खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज थांबला आणि पुढचा आवाज आला नाही हे तिला कळलं. "पुसलेस?"

मी बाटली ठेवली. पर्समधून ह्यांनी शिवलेला रुमाल काढला. एकेक बोट पुसलं, बोटांच्या मधल्या जागा पुसल्या, नखं पुसली. पुन्हा एकदा सगळं पुसलं.

"पुसले," म्हटलं, आणि तिची पापणी उघडली.